नांवें ठेवणें

चव जिभेवर असते, अशी पन्नाशी उलटेपर्यंत माझी ठाम समजूत होती. गेल्या वैशाखांत ती आमच्या स्वयंपाकघरांत निकालांत निघाली.

त्याचें असें झालें. कॉलेजला सुटी होती, आणि मी कोकाकोला या पेयाचा इतिहास मोठ्या आवडीनें वाचीत होतों. १८८६ सालीं अमेरिकेंतील अटलांटा शहरीं जॉन पेंबर्टन नांवाच्या एका औषधें करणाऱ्या गृहस्थानें तें तयार केलें. त्याचा हिशेबनीस फ्रँक रॉबिन्सन यानें त्याला नांव दिलें, आणि वळणदार अक्षरांत तें कागदावर उतरविलेंहि. पेंबर्टन १८८८ सालीं वारला. हिशेबनिसाचें तें वळण मात्र आज साऱ्या जगाच्या भिंतींवर दिसतें. पुढें १९१५ सालीं बाटलीचा आकार ठरवितांना अट अशी होती, कीं ती अंधारांत चांचपतांच ओळखूं यावी, आणि फुटली तरी तुकड्यांवरून कळावी!

पण खरी मौज १९८५ सालची. त्या वर्षीं कंपनीनें मूळ कृति बदलली. तत्पूर्वीं जवळजवळ दोन लाख लोकांकडून परीक्षा करविली होती, आणि नांव झांकून दिलेल्या पेल्यांत नवी चव सरस ठरली होती. तरी एप्रिलांत ती बाजारांत येतांच लोक खवळले. पत्रांचा आणि टेलिफोनांचा पाऊस पडला, आणि ७९ दिवसांनीं जुनी चव परत आणावी लागली. आपल्याकडे तरी निराळें काय? १९७७ सालीं परकीय भांडवलाच्या कायद्यावरून ही कंपनी भारत सोडून गेली, १९९३ सालीं परतली, आणि येथील ‘थम्स अप’ तिनें विकत घेतलें. तें नांव मात्र तिनें पुसलें नाहीं.

“लोक पेय पीत नाहींत, नांव पितात!” असें मोठ्यानें म्हणून मी त्या अमेरिकनांना पोटभर हंसलों. सौ. कांहीं बोलली नाहीं.

आमच्या घरीं दर उन्हाळ्यांत अमृतकोकम होतें. रातांब्यांच्या सालींत साखर भरून बरणी उन्हांत ठेवावयाची, आणि सुटलेला रस गाळून बाटल्यांत भरावयाचा, ही आईची रीत. प्रत्येक बाटलीवर ती आपल्या टपोऱ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवी. तिला जाऊन बारा वर्षें झालीं. तेव्हांपासून सौ. तिच्याच रीतीनें सारें करते, आणि दरसाल पहिला घोट घेऊन मी म्हणतों, “चांगलें आहे, पण आईच्या हातचें नव्हे.” ही मातृभक्ति होय, अशी माझी प्रामाणिक कल्पना होती.

त्या दुपारीं सौ.नें पेल्याबरोबर एक जुनी बाटली माझ्यापुढें ठेविली. तिच्यावर आईची चिठ्ठी होती. मीं डोळे मिटून घोट घेतला, आणि माझा कंठ दाटून आला. “हीच ती चव!” मीं म्हटलें. बारा वर्षांचें कोकम टिकेल कसें, हा साधा प्रश्नहि मला सुचला नाहीं.

“अहो, बाटली तेवढी सासूबाईंची,” ती शांतपणें म्हणाली. “माळ्यावर सांपडली. आंतलें माझेंच आहे. परवां तुम्हीं नांवें ठेवलींत, तेंच.”

त्या स्वरांत राग असता तर बरें झालें असतें. बारा उन्हाळे तिनें रातांबे फोडले, हात लाल करून घेतले, आणि प्रत्येक वेळीं मी दाद दिली ती एका चिठ्ठीला. ज्यांना मी हंसलों होतों, त्यांनीं निदान कोणाच्या कष्टांवर पाणी ओतलें नव्हतें.

मी उठलों, आणि कागदाच्या एका तुकड्यावर तिचें नांव लिहिलें. आईची चिठ्ठी काढूं लागतांच तिनें माझा हात धरला. “ती राहूं द्या. ही खालीं चिकटवा.”

माझें अक्षर वाईट आहे. पण बाटलीवर आतां दोन्ही नांवें आहेत.