तांबटाचा फोटो

तुमच्या चाळीमागे एखादं झाड आहे ना? मग ‘आमच्याकडे पक्षीच नाहीत’ असं म्हणू नका बरं! परळला आमच्या चाळीमागे पाण्याच्या टाकीशेजारी एक उंबर आहे. कावळे, साळुंक्या, बुलबुल तर त्यावर येतातच. पण उन्हाळा लागला की एक सारखं ‘टुक् टुक् टुक्’ ऐकू येतं. तांब्याची भांडी ठोकावीत तसा आवाज, म्हणून त्या पक्ष्याचं नावच तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, अंगाने हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा. पानांत असा मिसळतो, की आवाज येतो पण पक्षी काही दिसत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये चाळ कमिटीने उंबराची वाळकी फांदी तोडायचं ठरवलं. पावसाळ्यात पडली तर कुणाच्या डोक्यात जाईल, ही भीती खरीच होती. पण त्याच फांदीला खालून एक गोल भोक होतं. तांबट असल्या वाळक्या लाकडातच चोचीने ढोली कोरतो. “अहो बाई, कुजलंय ते. आत काही नाही,” कमिटीचे काका म्हणाले.

“मग फोटोच दाखवू या!” मुलं म्हणाली.

मी सांगितलं, गॅलरीत वाकायचं नाही, खोलीत आत अंधारात उभं राहायचं. सकाळचं ऊन आपल्या पाठीशी हवं. फ्लॅश नको. आणि झाडावर मुळीच चढायचं नाही. आपण घरट्यापाशी घुटमळलो, की कावळ्यालाही पत्ता लागतो!

चार दिवस नुसतं भोकच मिळालं. पाचव्या दिवशी भोकातून पिल्लाचं डोकं बाहेर, आणि समोर मोठा तांबट चोचीत उंबर घेऊन! फोटो जरा हलला होता. तरी खाली तारीख-वेळ लिहून तो फळ्यावर लावला. काकांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला. मग झाडाखाली दोरी बांधून वाट बंद केली. पिल्लं उडून गेल्यावर, महापालिकेची परवानगी घेऊनच फांदी उतरवली.

थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली (जन्म १८९६) आपल्या गिरगावातल्या खेतवाडीत वाढले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिचा गळा पिवळा! ही कोण, हे विचारायला ते ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती ओळखली, शिवाय संग्रहातले कितीतरी पक्षी दाखवले. तिथून त्यांना पक्ष्यांचा नाद लागला. तेव्हा पक्षी दाखवायला मारून न्यावा लागला. तुम्हाला तो फांदीवर ठेवूनच दाखवता येतो.

१२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस. त्या दिवशी तुमच्या झाडावरचा एक तरी पक्षी टिपा. फोटो हलला तरी चालेल. तारीख, वेळ आणि झाडाचं नाव मात्र नीट लिहा हं!