सिरसाळ्याची नवकंकरी

परळीस वैजनाथाचें दर्शन घेऊन बीडच्या रस्त्यानें निघालें म्हणजे सिरसाळा हें गांव लागतें. यात्रेकरू येथें सहसा उतरत नाहींत. आम्ही मात्र उतरलों. मार्गशीर्षाचे दिवस होते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं बिऱ्हाडेंच्या बिऱ्हाडें साखर कारखान्यांकडे निघून जातात, हें बीड जिल्ह्याचें जुनें दुःख आहे. मागें राहतात वृद्ध माणसें आणि कांहीं मुलें.

एका ओट्यावर असेच आजोबा व नातू कोळशानें आंखलेल्या पटावर नवकंकरी खेळत होते. एकाचे नऊ खडे, दुसऱ्याचे नऊ चिंचोके. आपले तीन एका ओळींत आले कीं प्रतिपक्षाची एक कंकरी उचलावयाची. मुलगा झटकन् हात पुढें करी, आजोबा शांतपणें म्हणत, "आधी डोळा फिरव, मंग हात." आम्ही विचारपूस केली. आईबाप मुलास तोडीवर नेणार होते, आजोबांनीं ठेवून घेतला. "म्या हाय तवर पोराची शाळा मोडू देणार न्हाई," एवढेंच ते म्हणाले आणि पुन्हा पटाकडे वळले.

खेळ लहान, पण आजोबांचा नियम थोर. चीनमध्यें जन्मलेल्या व जपानांत वाढलेल्या 'गो' या खड्यांच्याच खेळांत हा नियम शास्त्राच्या पदवीस पोंचला आहे. एकोणीस उभ्या व एकोणीस आडव्या रेघा, त्यांचे ३६१ छेदबिंदु. काळे-पांढरे खडे आळीपाळीनें ठेवून प्रदेश व्यापावयाचा. ठेवलेला खडा पुन्हा सरकवितां येत नाहीं. चोहोंकडून वेढला गेला तरच तो उचलला जातो. अर्थात् सर्व विचार हात उचलण्यापूर्वींच व्हावा लागतो. १९३८ सालीं वृद्ध आचार्य होनिन्बो शूसाई यांचा कितानी मिनोरू यांच्याशीं अखेरचा डाव झाला, तेव्हां प्रत्येकास विचारासाठीं चाळीस तास दिले होते. जूनमध्यें मांडलेला तो डाव आचार्यांच्या आजारामुळें मध्यंतरीं थांबून डिसेंबरांत संपला. कितानी पांच गुणांनीं जिंकले. इतके महिने एकच पट चित्तांत धरून ठेवणें ही तपश्चर्याच नव्हे काय?

चंचल मनास आवरण्याचे गीतेनें दोन उपाय सांगितले: अभ्यास व वैराग्य. पटावर त्यांचा अर्थ अगदीं सोपा होतो. रोज एक डाव शेवटपर्यंत खेळावा, आणि संपल्यावर तोच आठवून पुन्हा मांडावा, हा अभ्यास. गेलेल्या खड्याचा शोक न करतां उरलेला पट पाहावा, हें वैराग्य. त्यांतहि दुसरें अधिक कठीण. कारण एक खडा गेला म्हणून चिडलेला खेळाडू पुढचे तीन आपणच घालवितो.

ही विद्या आपल्याकडेहि आहे. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकरांनीं १९४१ सालीं नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापिलें आणि मुलांना पटापुढें बसविण्यांत आयुष्य वेंचलें. नागपूरच्या दिव्या देशमुखनें २०२५ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला.

आपल्या घरांत पट आहे, पुस्तकें आहेत, दिवाहि आहे. तरी मुलांचें चित्त स्थिर नाहीं, अशी तक्रार आम्ही वारंवार ऐकतों. वाचकहो, तक्रारीपूर्वीं एक पाहावें: मुलासमोर पटाच्या दुसऱ्या बाजूस कोणी बसतें काय? एकाग्रता सांगून येत नाहीं. ती शेजारीं बसून द्यावी लागते.