क्वाद्रोचे काय करावे?

इटलीच्या १९४२ च्या दिवाणी संहितेत २०९५ क्रमांकाचे एक लहानसे कलम आहे. नोकरी करणाऱ्या माणसांचे ते चार वर्ग पाडते : दिरिजेंते, क्वाद्रो, इम्पिएगातो आणि ओपेरायो. यांतील क्वाद्रो १९८५ च्या कायद्याने मागाहून आत घेतलेला. अशा कागदांची इंग्रजी भाषांतरे करताना आम्ही या चार शब्दांपाशी जेवढे अडखळतो, तेवढे उरलेल्या अख्ख्या करारनाम्यात अडखळत नाही.

दिरिजेंतेला सर्रास ‘मॅनेजर’ म्हणतात. पण इंग्रजीत दुकान सांभाळणारा मॅनेजर आणि कारखाना चालवणाराही मॅनेजरच. इटलीत दिरिजेंतेचा सामूहिक करार निराळा, आणि बडतर्फीविरुद्ध इतरांना मिळणारे १९६६ च्या कायद्याचे संरक्षण त्याला बहुतांशी नाही. क्वाद्रो म्हणजे चौकट, चित्रही. फ्रेंच ‘काद्र’ त्यावरूनच आला आणि इंग्रजीवाटे आपल्या सनदी सेवांत ‘केडर’ होऊन बसला. नात्याने इतका जवळचा असूनही तो शब्द येथे निरुपयोगी! नाइलाजाने ‘मिडल मॅनेजर’ लिहावे लागते.

आकड्यांचा आधार घ्यावा, तर तेथेही गंमत. धातूउद्योगाच्या करारात २०२१ पर्यंत पहिली पायरी सर्वांत खालची होती. व्यापाराच्या करारात पहिली पायरी वरची. नुसते ‘लेव्हल वन’ लिहिले, तर वाचणाऱ्याने काय समजावे?

आपल्या घरांना हे नवे नाही. फडणीस, चिटणीस, पोतनीस हे हुद्देच आडनावे होऊन आपल्यात मुरले. पोतनिसांचे काम इंग्रजीत विचारा. ‘ट्रेझरर’ म्हणून जाणतेही मोकळे होतात. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी कारभारातील शब्दांसाठी ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ सिद्ध करवला (१९३१), तो काही हौसेखातर नव्हे.

खरी जोखीम मात्र ओपेरायोची. पो नदीच्या खोऱ्यातील गोठ्यांत पुष्कळ पंजाबी माणसे राबतात. त्यांतील एकाचे दाखले आमच्याकडे आले. त्याला कॅनडात अर्ज करायचा होता. शेतीच्या करारात ‘कोमूने’, त्यावर ‘क्वालिफिकातो’, त्याहून वर ‘स्पेचालिद्झातो’. गृहस्थ दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर चढलेला. कोणीतरी आधी शब्दाला शब्द ठेवून ‘क्वालिफाइड’ आणि मग ‘स्पेशलाइज्ड’ असे करून दिले होते. त्यात चढती कोठे दिसेना. उलट पहिलाच शब्द भारी वाटे. आम्ही ‘सेमी-स्किल्ड’ व ‘स्किल्ड’ असे लिहिले, मूळ शब्द तसेच शेजारी ठेवले आणि तळटीपेत पायऱ्यांचा क्रम दिला.

त्याने कागद सावकाश वाचला. ‘सेमी’वर बोट ठेवून विचारले, “जी, सेमी मतलब आधा?” आम्ही त्याला तळटीप वाचून दाखवली. ती त्याने पुन्हा एकदा वाचायला लावली, आणि मगच कागदाची घडी केली.