पाऊण किलोचा प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात जो वाद रंगला, तो भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या शेजाऱ्यांना वाटले असेल की मुलीच्या लग्नाचेच काही चालले आहे. विषय होता सायकलचा. सायकल घ्यायची हे नक्की होते. कार्बनची की अ‍ॅल्युमिनियमची, एवढ्यावर घोडे अडले होते.

कन्या सतरा वर्षांची. दर रविवारी पहाटे कुणाची तरी मागून आणलेली सायकल घेऊन ती येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे जाते आणि तांबड्या मातीने माखून परत येते. डोंगरातल्या कच्च्या वाटेवर चढ-उताराच्या फेऱ्या मारण्याच्या या शर्यतीला क्रॉस-कंट्री म्हणतात, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ती तिथेही असते, हे मला तिच्याकडूनच कळले. मुख्याध्यापकाने घरी शिकायचे दिवस आले, दुसरे काय!

मी तर एम. ए. मराठीचा. पण विषय हाती आला की त्याच्या मुळाशी जायचे ही खोड जुनी आहे. कार्बनची फ्रेम म्हणजे केसाहून बारीक तंतूंचे कापड राळेत भिजवून, साच्यात थरावर थर लावून, उष्णता आणि दाब देऊन घट्ट केलेली वस्तू. थरांची दिशा बदलली की एकच नळी एका अंगाला ताठ आणि दुसऱ्या अंगाला लवचीक होते. खडबडीत वाटेची थरथर ती बरीचशी गिळते. अ‍ॅल्युमिनियमचा कारभार त्या मानाने सरळ. त्यात थोडे मॅग्नेशियम, थोडे सिलिकॉन मिसळायचे, नळ्या जोडायच्या आणि वेल्डिंगमुळे गेलेली ताकद भट्टीत तापवून परत आणायची. बॉक्साईटपासून अ‍ॅल्युमिना करणारा कारखाना आमच्या बेळगावातच आहे, त्यामुळे या धातूविषयी मला उगीच गावकीचा जिव्हाळा.

वजन म्हणाल, तर कार्बनची चांगली फ्रेम किलो-सव्वा किलोची आणि तेवढ्याच मापाची अ‍ॅल्युमिनियमची पावणेदोन-दोन किलोची. फरक साधारण पाऊण किलोचा. किमतीत मात्र दुपटीहून अधिक.

तरीही मी कार्बनच्या बाजूचा होतो! भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढायचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता. मुलीची आई अवाक् झाली. चहाच्या पुडीचा भाव विचारून दुकान बदलणारा हा गृहस्थ सायकलवर एवढा पैसा ओततो कसा, असे तिला वाटणे साहजिकच होते.

मुलीला घेऊन मी आमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने दुरुस्तीला आलेली एक कार्बनची सायकल स्टँडवर लावली होती आणि रुपयाच्या नाण्याने तो तिची नळी इंचाइंचाने वाजवत होता. बाजारात म्हाताऱ्या बायका मडके वाजवून घेतात, अगदी तसे. टण्, टण्, टण् आणि एका जागी बद्द.

"हितं आत थर सुटल्यात, सर," तो म्हणाला. "दगड लागलेला असणार. वर बघा, रंगसुद्धा गेला नाही. आणि ह्याचं बोल्ट आवळताना हाताचा अंदाज चालत नाही, रेंचवर आकडा बघूनच आवळायचं. जास्ती झालं की आत चुरडतंय."

"मग अ‍ॅल्युमिनियम अमर का?" मी विचारले.

"अमर कुठलं सर! रोजच्या दणक्यांनी तेही दमतंय. पण पोचा आला तर डोळ्याला दिसतंय तरी. कार्बन दुरुस्त होतंय, पण करणारा माणूस हितं कुठं?"

परतताना मुलगी गप्प होती. रेल्वे फाटकापाशी थांबलो तेव्हा म्हणाली, "बाबा, कार्बनची सायकल तुम्हाला हवी आहे. मला नको."

मी काही बोललो नाही. १९८३ साली, आठवीत असताना, बेळगावातल्या एका दुकानात काचेआड पातळ नळीची हलकी सायकल उभी होती. वर्षभर मी ती पाहिली. वडिलांनी त्या सुगीला भात विकून आणली ती जुनी, काळी, डबल दांडीची अ‍ॅटलस. तीही त्यांना झेपण्यापलीकडची होती, हे मला कळायला फार वर्षे लागली. त्या दिवशी मी मात्र जेवलो नव्हतो.

"मला अजून दहा वेळा पडायचं आहे," ती पुढे म्हणाली. "पडल्याशिवाय उतार येत नाही. दीड-दोन लाखांच्या गाडीवर बसले तर मी पडायलाच भिईन. आणि पाऊण किलो म्हणजे एक भरलेली पाण्याची बाटली, बाबा. तेवढी मी पायांनी भरून काढते."

फाटक उघडले. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला.

अ‍ॅल्युमिनियमचीच आली. उरलेल्या पैशांतून हेल्मेट, चांगले टायर आणि मेकॅनिकने सांगितलेला तो आकड्यांचा रेंच घेतला. निधीचा अर्ज टेबलाच्या खणात पडून आहे.

तिसऱ्याच रविवारी ती कोपर सोलून घरी आली. वरच्या नळीवर अंगठ्याएवढा पोचा. मेकॅनिकने भिंग लावून जोड पाहिले. तडा नव्हता, चालवा म्हणाला. संध्याकाळी ती न्हाणीघरात जखम धूत होती तेव्हा मी अंगणात जाऊन त्या पोच्यावर बोट फिरवले. मग खिशातून रुपया काढून नळी वाजवून पाहिली.

"बाबा, ते कार्बनला करतात," ती आतून ओरडली.