‘ज्युबिली’ ह्या शब्दाची कुळकथा

नव्या पेठेंत एखाद्या दुकानास पंचवीस किंवा पन्नास वर्षें पुरीं झालीं, म्हणजे दारावर रौप्यमहोत्सवाचा वा सुवर्णमहोत्सवाचा फलक झळकतो, आणि वाचणाराचें लक्ष साहजिकच सवलतीच्या आंकड्याकडे जातें. ह्या दोन्ही नांवांमागें इंग्रजी ‘ज्युबिली’ उभी आहे. रुपें, सोनें, हिरा ही सराफी चढण मागाहून आली. मूळ शब्दास धातूचा स्पर्शही नाहीं.

तो शब्द इब्री भाषेंतील ‘योबेल’, म्हणजे मेंढ्याचें शिंग. लेवीयाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, सात वेळां सात वर्षें लोटल्यावर पन्नासाव्या वर्षीं प्रायश्चित्ताच्या दिवशीं देशभर शिंग फुंकावें. गरिबीमुळें विकला गेलेला मनुष्य आपल्या कुटुंबांत परत जावा, आणि विकलेलें शेत मूळ घराण्याकडे परत यावें. म्हणून शेताची किंमतही पुढील योबेलापर्यंत किती पिकें निघतील, तें मोजून ठरवावयाची! तटबंदीच्या शहरांतील घरांस मात्र हा नियम नव्हता. तेव्हां पेठेंतील मालकांनीं निश्चिंत असावें. ग्रीक भाषांतरकारांनीं येथें ‘सुटका’ ह्या अर्थाचा शब्द योजिला. लॅटिनमध्यें ‘आनंदानें ओरडणें’ ह्या अर्थाच्या धातूशीं योबेलाचें सूत जुळलें, आणि सुटका मागें पडून जल्लोष तेवढा उरला.

ही सुटका आमच्या जिल्ह्यास परकी वाटूं नये. सावकाराच्या खतांत अडकून शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊं लागल्या, तेव्हां १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत दंगे झाले. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा झाला व तो प्रथम पुणें, नगर, सातारा आणि सोलापूर ह्या चार जिल्ह्यांस लागू झाला. खतावरील आंकडा तसाच न मानतां कर्जाचा हिशोब मुळापासून तपासण्याची सोय त्यांत होती. योबेलाच्या थोडेंफार जवळ जाणारें तें हेंच, असें आम्हांस वाटतें. पण ज्युबिली हें नांव त्यास मिळालें नाहीं. तें मिळालें १८९७ च्या जूनमधील समारंभास, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यास साठ वर्षें झालीं म्हणून. आणि १८९६-९७ च्या दुष्काळानें तर सोलापूर जिल्हा गांजून गेला होता.

हा अध्याय वाचतांना शेतकऱ्यांचीं मुलें हटकून विचारतात, “सर, शेतें खरोखर परत मिळालीं काय?” योबेल वर्ष प्रत्यक्ष पाळल्याची हकीकत जुन्या करारांत कोठेंही नाहीं. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायांत दासांस मोकळें करून पुन्हां धरून आणल्याची मात्र आहे.