घरगुती कारण

सातारा,
१२ जुलै

चि. गौरी,


परवा तुझा फोन आला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुमच्या हिंजवडीच्या ऑफिसात अठरा जणांची यादी तयार झाली आहे. सोमवारपासून एकेकाला खोलीत बोलवायचं, 'स्वतःहून पेपर टाक, नाहीतर रेकॉर्ड खराब होईल' असं सांगायचं आणि संध्याकाळच्या आत राजीनाम्याची मेल मिळवायची, असं एचआर म्हणून तुला वरून सांगितलंय. "मामा, मीही नोकरदारच. माझ्या हातात काय आहे?" असं तू विचारलंस, तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. कारण या प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी एकदा देऊन बसलोय. तुझ्या मामीलाच तेवढं ते ठाऊक आहे. आज तुला लिहितो.

१९९४ सालची गोष्ट. मी एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो. ऑर्डरी कमी झाल्या आणि मशीनशॉपमधल्या सात जणांचे राजीनामे लिहून घ्यायचं ठरलं. त्यातला एक लेथवर होता. त्याला साडेचार वर्षं झाली होती. पाच वर्षं भरली असती तर ग्रॅच्युइटी लागू झाली असती. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस २६ धरून. त्याचा पगार २६०० रुपये, म्हणजे पाच वर्षांचे ७५०० रुपये झाले असते. हे गणित मला येत होतं, त्याला येत नव्हतं.

दुसऱ्या पाळीत त्याला केबिनमध्ये बोलावलं. कॉटन वेस्टने हात पुसतच तो आला आणि उभाच राहिला. मी कोरा कागद पुढे सरकवला आणि मजकूर सांगू लागलो : 'मी घरगुती कारणास्तव नोकरी करू शकत नाही...' 'घरगुती' पाशी त्याचं पेन थांबलं. त्याने वर बघितलं आणि सरळपणे विचारलं, "साहेब, घरी तर सगळं ठीक आहे. घरगुती कारण कोणतं?"

मी म्हणालो, "तेवढंच लिही."

त्याने लिहिलं. कागदाच्या कोपऱ्यावर त्याच्या अंगठ्याचा तेलकट काळा ठसा उमटला. मी तो कागद फाइलला लावला.

त्या एका शब्दाने काय साधलं ते बघ. आम्ही त्याला कामगार कपात म्हणून रीतसर काढलं असतं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागला असता. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. शेवटी आला तो आधी जाईल, हा क्रम पाळावा लागला असता, सरकारला कळवावं लागलं असतं. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने हे सगळं घालून दिलं होतं. आणखी एक गोष्ट होती, ती मला सगळ्यात जास्त लागते. पुन्हा भरती निघाली तर कपात झालेल्याला आधी बोलवायचं, असंही तोच कायदा सांगत होता. वर्षभरात ऑर्डरी आल्या, लेथवर नवी मुलं घेतली. याला बोलावलं नाही. कागदावर तो आपणहून गेला होता ना! त्याचा हिशेब मीच केला होता आणि रुपया-आण्यात तो बरोबर होता.

गौरी, तू बसतेस ती खुर्ची जन्माला कशासाठी आली, हे तुम्हाला कॉलेजात कितपत शिकवलं मला माहीत नाही. मुंबईच्या गिरणगावात पूर्वी माणूस कामाला लावायचा आणि काढायचा तो जॉबर. बायकांच्या खात्यात नायकीण. सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगार उभे राहायचे आणि जॉबर ज्याच्याकडे बोट करील त्याची त्या दिवशी चूल पेटायची. काम मिळवायला दस्तुरी, म्हणजे लाच, आणि टिकवायलाही दस्तुरी. कोकणातून आलेल्या माणसाने दाद मागायची तर कुणाकडे? १९३१ साली कामगारांविषयीच्या व्हिटली आयोगाने सांगितलं की नेमणुका आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढून घ्या, त्यासाठी गिरण्यांत लेबर ऑफिसर नेमा. पुढे १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला. आजच्या एचआरचं मूळ हे आहे. एखाद्याची भाकरी एका माणसाच्या मर्जीवर राहू नये, त्याला कारण असावं, ते कारण खरं असावं आणि ते कागदावर यावं, म्हणून ही खुर्ची आली. जॉबरकडे कागदच नसायचा. माझ्याकडे होता आणि मी त्यावर खोटं लिहवून घेतलं. मग जॉबरमध्ये आणि माझ्यात काय फरक राहिला?

म्हणून मला वाटतं, आपल्या व्यवसायाचं सगळं नीतिशास्त्र एका गोष्टीत येतं : जे घडलं तेच कागदावर आलं पाहिजे. कंपनीला माणसं कमी करावी लागतात, हे मी नाकारत नाही. पगार कंपनी देते, तिचं भलं बघणं हे आपलं काम आहे. पण कंपनीने काढलं असेल तर 'कंपनीने काढलं' असंच लिहावं. महाराष्ट्रात १९७१च्या कायद्याने धडधडीत खोटं कारण दाखवून कामावरून काढणं ही अनुचित प्रथा ठरवली, ती उगाच नव्हे.

हीच कसोटी दुसरीकडेही लाव. एखादी मुलगी लैंगिक छळाची तक्रार घेऊन आली तर 'आपसात मिटवून टाक' असं म्हणणं तुझं काम नाही. २०१३च्या कायद्याप्रमाणे समेट तिने स्वतः मागितला तरच होतो आणि तोही पैशाच्या बोलीवर होत नाही. चौकशी अंतर्गत समितीने ९० दिवसांत पुरी करायची. तू तिची तक्रार तिच्याच शब्दांत समितीपर्यंत पोचव आणि तिचं नाव तुझ्या तोंडून बाहेर जाऊ देऊ नकोस.

आता सोमवारचं. आयटीतल्या माणसांना कामगार म्हणायचं की नाही, यावर वकील वाद घालतील. नियुक्तिपत्रातली नोटिशीची मुदत मात्र तुमच्याच सहीची आहे. तेव्हा उद्याच तुझ्या साहेबांना लेखी विचार की ही कपात आहे का, असेल तर नोटीस आणि भरपाई काय. त्यांनी लेखी उत्तर टाळलं तर तेच उत्तर समज. रेकॉर्ड खराब करण्याची धमकी कुणालाही देऊ नकोस. रिलिव्हिंग लेटर आणि पगार अडवून सही घेऊ नकोस. समोरच्याला कागद घरी नेऊ दे, रात्रभर विचार करू दे, कुणाला दाखवायचा असेल तर दाखवू दे. आणि कारणाची ओळ तू सांगू नकोस.

याची किंमत मोजावी लागेल. त्या सात जणांनंतर मी पुन्हा राजीनाम्याचा मजकूर सांगायला नकार दिला, तेव्हा माझं प्रमोशन तीन वर्षं अडलं. तुझ्या आजोळी त्या वर्षांत हात आखडूनच सगळं चाललं. तुझ्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता आहे, हे मला माहीत आहे. म्हणून नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. त्याच खुर्चीत बसून विचार, लिहून माग. त्याने अठरा जणांच्या नोकऱ्या वाचतीलच असं नाही. पण त्यांच्या हक्काचं त्यांच्या पदरात पडेल आणि पुढच्या मुलाखतीत 'का सोडलंस?' या प्रश्नाला त्यांना खरं उत्तर देता येईल.

फोनवर तू त्या यादीतलं एकही नाव घेतलं नाहीस, माझ्यापाशीसुद्धा. त्यावरून मला भरवसा वाटला. रविवारी जेवायला ये. नावं सांगू नकोसच, तू काय विचारलंस आणि त्यांनी काय लिहून दिलं तेवढं सांग.

त्या लेथवरच्या माणसाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला त्या दिवशी द्यायला हवं होतं : "घरगुती कारण काही नाही बाबा. कारण आमचं आहे." तुझ्या खोलीत आलेल्या माणसाला तू ते देशील, अशी आशा आहे.

तुझा,
मामा