नागझिऱ्याचा डबा

प्रवासाची आवड आणि जिभेची आवड या दोन्ही एकाच देहात नांदत असल्या, तरी त्यांचे परस्परांशी फारसे सख्य नसते, असे आमचे फार दिवसांचे मत आहे. पाय म्हणतात, नवे काही दाखवा. जीभ म्हणते, जुनेच वाढा. म्हणून मनुष्य पायांच्या समाधानाकरिता साता समुद्रांपलीकडे जातो आणि जिभेच्या समाधानाकरिता सामानाच्या तळाशी मसाल्याची पुडी दडवून ठेवतो. 2019 च्या जुलै महिन्यात आम्ही कन्येकडे स्वित्झर्लंडास गेलो, तेव्हा आमच्याही सामानात अशी एक पुडी होती. ती उघडली गेली आल्प्स पर्वतात; परंतु तिच्यातून जे बाहेर पडले ते नागझिऱ्याच्या रानातले आणि 46 वर्षांपूर्वीचे होते. तेव्हा वाचकांनी आल्प्स चढण्यापूर्वी आमच्याबरोबर थोडे नागझिऱ्यास यावे, अशी विनंती आहे.

नागपुराहून पूर्वेकडे निघालेला हमरस्ता भंडारा मागे टाकून साकोलीस आला, म्हणजे डाव्या हातास गायखुरीच्या डोंगरांची निळी रांग दिसू लागते. त्या डोंगरांच्या कुशीत नागझिरा आहे. झिरा म्हणजे भुईतून पाझरणारे पाणी. या रानास 1970 साली अभयारण्य ठरविण्यात आले, तेव्हा हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. गोंदिया जिल्हा निराळा झाला तो 1999 मध्ये, आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला तो 2013 च्या डिसेंबरात. जुन्या अभयारण्याचा विस्तार अवघा 153 चौरस किलोमीटर. परंतु साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू यांची तेथे अशी दाटी आहे, की विस्ताराचा हिशेब पाहुण्याच्या मनात येतच नाही. आम्ही प्रथम गेलो तेव्हा तळ्याकाठच्या विश्रामगृहात विजेचा दिवा नव्हता. इतरत्र रात्र झाली की दिवे लागतात. तेथे रात्र झाली की रात्रच होत असे.

ही गोष्ट 1973 च्या डिसेंबरातली. आम्ही नागपुरास महाविद्यालयात शिकत होतो आणि आमचे घर साकोलीस होते. वर्गातील चार मित्रांनी नागझिरा पाहण्याचा बेत केला. त्यांपैकी एकाच्या काकांची जीप मिळाली. मंडळी वाटेत आमच्या घरी चहास थांबणार, हे आईस पत्राने कळविले होते. एवढे निमित्त तिला पुरेसे झाले. ती पहाटे तीन वाजता उठली. कांदे आणि सुक्या खोबऱ्याची वाटी चुलीतील निखाऱ्यांवर भाजली. धने, खसखस, दगडफूल, मसाला-वेलची आणि भिवापूरच्या मिरच्या तव्यावर परतून सारे पाट्यावर वाटले. आणि जवसाच्या तेलात गावरान कोंबडी शिजविली. नागपुराकडे ज्या सावजी रश्शाचा बोलबाला आहे तो हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा. आमच्या आईचा रस्सा त्याच घराण्यातला, फक्त किंचित मवाळ स्वभावाचा. वर लाल तर्रीचा बोटभर थर. अशा रश्शाने भरलेला पितळी डबा आणि फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकरी तिने जीपमध्ये आमच्या पायांशी ठेविल्या आणि म्हणाली, "मित्रांना पोटभर वाढ. माझं नाव राख."

नाव राखण्याचे तर राहोच. आम्ही डबाच राखला नाही. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात कंदिलाच्या उजेडात मित्रांनी आपापल्या पिशव्या सोडल्या. पाव निघाला, लोणी निघाले, मुरंबा निघाला, डब्यातले विलायती मासेही निघाले. बोलणे इंग्रजी कवींवर चालले होते. अशा सभेत तो तेलकट डबा, तर्री पाझरून लाल झालेले ते फडके आणि त्या जाड भाकरी आणून मांडावयाच्या, या कल्पनेनेच आमचे कान तापले. इतक्यात एकाने हवा हुंगून विचारले, "हा वास कसला रे?" आम्ही तत्काळ उत्तर दिले, "जीपच्या इंजिनाचा असेल."

आमच्या आयुष्यात आम्ही पुष्कळ असत्ये बोललो असू. परंतु इतक्या चपळाईने दुसरे बोलल्याचे स्मरत नाही.

सर्व निजल्यावर आम्ही तो डबा तेथील वृद्ध रखवालदाराच्या शेकोटीपाशी नेऊन ठेविला. त्याने काही विचारले नाही. सकाळी निघण्याच्या वेळी तो डबा घेऊन आला. राखेने घासून तो आरशासारखा चकचकीत केलेला होता आणि आत ऐनाच्या पानांखाली रानातले आवळे भरलेले होते. शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये, ही रीत रानातही पाळतात, हे त्या दिवशी आम्हांस कळले. तो म्हणाला, "बाबू, तुमच्या मायले सांगजा, असं जेवन लय दिसानं भेटलं."

आम्ही तो निरोप आईस सांगितला नाही. सांगणार कसा? तिने विचारले, तेव्हा आम्ही म्हणालो, "सगळ्यांनी बोटे चाटून खाल्ले." आवळे कोठले, तर आम्हीच तोडले. तिने त्या आवळ्यांचा मोरावळा घातला, आणि पुढे कितीतरी वर्षे घरी पाहुणा आला म्हणजे ती कौतुकाने सांगत असे, की हिच्या हातची कोंबडी म्हणून नागपूरच्या मुलांनी नागझिऱ्यात बोटे चाटली होती. त्या मित्रांचे नाव निघाले, की आम्ही काहीतरी कामाचे निमित्त काढून उठत असू. 1996 मध्ये ती निवर्तली आणि निरोप आमच्यापाशीच राहिला.

आता आल्प्स. कन्येने मायरिंगेन या गावी चार दिवसांकरिता एक घर भाड्याने घेतले होते. गावाजवळच रायखेनबाखचा धबधबा आहे. 1893 साली कॉनन डॉयल यांनी आपल्या शेरलॉक होम्सला याच कड्यावरून नाहीसे केले, आणि पुढे 1903 मध्ये वाचकांच्या हट्टापायी त्यास परत आणणे त्यांना भाग पडले. जे आपण कड्यावरून लोटून दिले असे समजतो, ते कधीतरी वाट काढून वर येतेच, हा बोध आम्ही तो धबधबा पाहताना सहज काढला होता. तो दुसऱ्याच दिवशी आपल्याच गळ्यात पडेल, याची कल्पना नव्हती.

शनिवारी संध्याकाळी सौभाग्यवतींनी बाजारातून कोंबडी आणविली आणि सामानाच्या तळातून पुडी काढली. मसाला आईच्याच मापाचा. माप कागदावर कोठेच नाही. सासूच्या मुठीतून सुनेच्या मुठीत आलेले. पुडीची गाठ सुटली मात्र, तोच कन्या अवघडून म्हणाली, "आई, इथे नको ना गं. घर आपलं नाही. मालकीणबाई वरच राहतात. वास पडद्यांत राहतो, मग लोक काय म्हणतील?" सौभाग्यवतींनी पुडी पुन्हा बांधली आणि मुकाट्याने बटाटे उकडावयास ठेविले. आम्ही संतापून काही बोलणार होतो. परदेशी राहून लाज वाटू लागली, वगैरे शब्द ओठांपर्यंत आलेही होते. परंतु त्याच क्षणी आमच्या नाकास जीपच्या इंजिनाचा वास आला आणि आम्ही गप्प बसलो. मुलीने निदान खरे कारण तरी सांगितले होते.

रविवारी आम्ही मोटारीतून तीन घाटांची प्रदक्षिणा केली. प्रथम आरे नदीच्या काठाने 2,164 मीटर उंचीचा ग्रिम्झेल, मग 2,429 मीटरांचा फुर्का आणि परतताना 1946 साली वाहतुकीस खुला झालेला सुस्टन. हे रस्ते म्हणजे डोंगराच्या अंगावर कोणी सावकाश गिरविलेली अक्षरे वाटतात. आंधळ्या वळणांवर टपालखात्याच्या पिवळ्या गाड्या रोसिनीच्या 'विल्यम टेल' संगीतिकेतील तीन सुरांचा भोंगा वाजवितात. त्यामुळे भीतीसही एक प्रकारची लय येते. फुर्क्याच्या वाटेवर 1882 मध्ये बांधलेले बेल्वेदेर नावाचे हॉटेल दारे लावून उभे होते. जिच्या दर्शनाकरिता प्रवासी तेथे उतरत, ती ऱ्होनची हिमनदी मागे मागे सरत चालली आहे. तिच्या बर्फात कोरलेली एक गुहा आहे. ती वितळू नये म्हणून उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी जाड कापडे पसरतात. ज्या हिमातून निघालेली नदी भूमध्य समुद्रापर्यंत जाते, त्या हिमास माणसांनी पांघरूण घातलेले पाहून सौभाग्यवती बराच वेळ कठड्यापाशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या डोंगरालाही पांघरूण लागतं!"

परतताना धुके उतरले आणि घरी पोहोचावयास रात्र झाली. रविवार असल्याने दुकाने बंद; खानावळींच्या चुली विझलेल्या. घरात होती ती शनिवारची कोंबडी, चार कांदे आणि ती पुडी. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग कन्येनेच खिडक्या उघडल्या, पडदे काढून ठेविले आणि म्हणाली, "आई, कर. मला फार भूक लागली आहे." जवसाचे तेल नव्हते, पाटा नव्हता, निखारे नव्हते, तरी कांदा भाजल्याच्या वासाने ते परके घर तासाभरात ओळखीचे झाले. आमची कन्या इतकी जेवली, की तिच्या आईने पुन्हा वाढावयाचे म्हणून स्वतःचा घास आखडता घेतला. जेवल्यावर एक वाडगा भरून तिने वर मालकीणबाईंस नेऊन दिला. वाटलेल्या लाजेची ती आपल्या परीने भरपाई करीत असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाईंनी वाडगा परत आणून दिला. स्वच्छ धुतलेला, रिकामा, आणि सोबत मनापासून आभाराचे शब्द. त्यांच्या रीतीत काहीच उणे नव्हते. परंतु सौभाग्यवतींनी वाडगा हाती घेताना क्षणभर आत डोकावून पाहिले. ते पाहणे आमच्या काळजास लागले. 46 वर्षांनंतर, त्या परक्या ओट्यापाशी, आम्ही मायलेकींस डब्याची सर्व हकीकत सांगितली: इंजिनाचा वास, शेकोटी, आवळे आणि न पोहोचलेला निरोप.

कन्या आमच्याकडे पाहत राहिली. सौभाग्यवती मात्र वाडगा पुशीत शांतपणे म्हणाल्या, "सासूबाईंना ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"सगळं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आवळे निवडताना त्यांनी मला सांगितलं. म्हणाल्या, कॉलेजातली पोरं कधी राखेनं डबा घासतात का? आणि आवळ्यांवर पानं झाकून आणतात का? डबा हातात घेताच कळलं, की हा कुण्या संसारी माणसानं जेवून परत केलाय."

"मग बोलली का नाही कधी?"

"म्हणाल्या, भुकेल्या माणसाच्या पोटात गेलं, त्यात काय बोलायचं? आणि पोरगा खोटं बोलला ते माझं मन राखायला. त्याला सांगू नकोस, उगाच झुरत बसेल."

आम्ही समजत होतो, की आम्ही आईपासून एक गोष्ट लपविली. लपविणारी ती होती. पाहुण्यांपुढे जे कौतुक ती करीत असे, ते आमच्या मित्रांचे नसून आमच्या असत्यावर घातलेले पांघरूण होते. आणि तिने ते 23 वर्षे एकदाही सरकू दिले नाही. जो निरोप पोहोचला नाही म्हणून आम्ही मनातून खंत करीत होतो, तो राखेने घासलेल्या पितळेवर लिहून त्या रखवालदाराने केव्हाच पोहोचविला होता. आम्ही केवळ टपालवाले होतो, आणि पत्र आमच्याच हाती असून आम्हांस वाचता आले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात कन्या आली होती. तिला घेऊन आम्ही नागझिऱ्यास गेलो. अभयारण्यात वाहनातून उतरू देत नाहीत, आणि तेच योग्य आहे. म्हणून फेरी आटोपल्यावर पिटेझरीच्या फाटकाबाहेर मोहाच्या झाडाखाली सतरंजी पसरली. डबा तोच, पितळेचा. रस्सा या वेळी कन्येने केला होता. आईच्या मुठीतले माप तिने आता ग्रॅमांत मांडून वहीत उतरविले आहे. तिखट किंचित कमी पडले होते. आम्ही ते सांगितले नाही. आमच्या गाडीबरोबर आलेला तरुण वाटाड्या जवळच उभा होता. त्याला आम्ही आग्रहाने बसविले आणि प्रथम त्याचे पान वाढले.

घरी आल्यावर डबा आम्ही स्वतः घासावयास घेतला. परंतु राख कोठून आणावी? गॅसच्या शेगडीस राख नसते. साबणाने घासला, स्वच्छ झाला, पण तसा चकाकला नाही.